बेण्यातून आलेले बिऱ्हाड

आमच्या वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर नवा माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला एक नियम सांगितला जाई. झाडाच्या पानाच्या फोटोवरून रोगाचे नाव छापायचे नाही. गारपीट फोटोत दिसते, रानडुकरांनी घातलेला धुडगूस दिसतो, अळीही दिसते. पांढरे पडलेले पान मात्र अनेक कारणांनी पांढरे पडते आणि फोटोत ती सगळी कारणे सारखीच दिसतात.

मी बारामतीच्या कार्यालयात बसून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांसाठीचे शेतीचे पान सांभाळले. कोणते पद केव्हा मिळाले हे इथे लिहीत नाही, ते कुणाच्या उपयोगाचे नाही. बाहेरच्यांना वाटते, शेतीचे पान म्हणजे बाजारभाव, पावसाचा अंदाज आणि विक्रमी ऊस पिकवणाऱ्याचा फेटा बांधलेला फोटो. तेही असतेच. पण या कामात मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य निराळे आहे. "एवढं छापू नका ताई, गावाचं नाव खराब हुतंय."

गारपीट छापा म्हणून लोक येत. रोग छापू नका म्हणून येत. गारपीट आभाळातून पडते, तिचा दोष कुणावर जात नाही. रोग आला म्हणजे कुणीतरी चुकले, असे गाव धरून चालते. त्यामुळे सरपंच सांगून गेले, खतांचे दुकानदार सांगून गेले, एकदा आमच्याच जाहिरात विभागाने सांगून पाहिले. मी छापत गेले. आज पुन्हा त्या खुर्चीवर बसवले तर पुन्हा छापीन.

एका रोगाची गोष्ट सांगायची आहे. तिची सुरुवात उसात नाही, मोरगावच्या एका सदाफुलीत आहे.

सोपानराव नावाचे गृहस्थ एके दिवशी एसटीने आले. मोरगावला त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या. मांडीवर तेलाचा रिकामा डबा, डब्यात सदाफुलीचे झाड. झाडाला गुलाबी फुलांच्या जागी हिरवी फुले आली होती.

"फोटो काढा," ते म्हणाले. "लोक बघाय येत्यात."

"आधी प्रयोगशाळेत दाखवू."

"प्रयोगशाळा काय करणार? फूल माझ्या दारात आलंय."

बारामतीजवळच्या एका प्रयोगशाळेत वैशाली मॅडम वनस्पतींच्या रोगांवर काम करत. आमच्या पानावर रोगाचे नाव छापण्याआधी मी त्यांना विचारत असे. त्यांनी फूल बोटांनी उलगडले आणि म्हणाल्या, "हे फूलच नाही. या पाकळ्या नाहीत, पानं आहेत. या झाडाला फुलं करायची मनाई झाली आहे."

मनाई करणारा होता एक जिवाणू. शास्त्रात त्याला फायटोप्लाझ्मा म्हणतात. मॅडमनी तो मला समजावला तो असा. याचे पूर्वज एके काळी इतर जिवाणूंसारखे स्वतंत्र होते. अंगाभोवती भिंत होती, स्वतःचे अन्न स्वतः बनवत होते. मग ते झाडाच्या रसवाहिन्यांत राहायला आले. तिथे सगळे आयते मिळाले. जे आयते मिळते ते बनवण्याची जनुके पिढ्यानपिढ्या गळत गेली. भिंत गेली, स्वयंपाक गेला, ऊर्जा तयार करण्याचे मुख्य यंत्रसुद्धा गेले. आज हा जीव झाडाबाहेर किंवा किड्याबाहेर जगत नाही. इतर जिवाणू काचेच्या ताटलीत वाढवता येतात, हा वाढत नाही.

"म्हणजे चूल नसलेलं बिऱ्हाड," मी म्हणाले.

"चूल नाही, पण घरमालकाला हुकूम सोडतं," मॅडम म्हणाल्या. "बाकीची जनुकं टाकून दिली, पण हुकूम सोडायची जपून ठेवली. त्यातल्या काहींच्या तर प्रतीवर प्रती काढून ठेवल्यात. झाडाला सांगतं, फूल नको, पानं कर. शेंडा नको, फुटवे कर. कोवळ्या पाल्यावर तुडतुडे येतात. तुडतुडा रस पितो आणि बिऱ्हाड त्याच्या पोटातून पुढच्या झाडावर जातं."

ताटलीत वाढत नसल्याने हा जीव जिवंत ठेवायचा तर आजारी झाडच जिवंत ठेवावे लागते. प्रयोगशाळेच्या जाळीघरात त्यासाठी सदाफुलीच्या कुंड्या होत्या. आजारी झाडावरून अमरवेल निरोगी झाडावर सोडायची, वेलीच्या आतून जीव पलीकडे जातो. मॅडमनी सोपानरावांकडे झाड मागितले. त्यांनी दिले. "पन डबा माघारी द्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोटो छापला, खाली लिहिले की हा चमत्कार नाही, रोग आहे. पुढच्या आठवड्यात सोपानराव डबा न्यायला आले.

"चांगलं झाड तुमी आजारी केलं."

"ते आजारीच होतं, सोपानराव."

"आसू दे. पन आजारी पडून पेपरात आलेलं झाड मोरगावात माझंच हाय का न्हाय?"

ते खरे होते. मी तसे कबूल केले.

त्यानंतर काही काळाने बावड्याच्या शिवारातून नामदेवतात्यांनी फोटो पाठवला. खाली प्रश्न, 'केवडा हाय का?' उसाला लोह कमी पडले की पाने पिवळी-पांढरी पडतात, त्याला आमच्याकडे केवडा म्हणतात. उपाय म्हणून हिराकस फवारतात. मी नियमाप्रमाणे उत्तर दिले, फोटोवरून सांगता येणार नाही. त्यांचे उत्तर आले, 'मग या.'

नामदेवतात्या बेण्यासाठी प्रसिद्ध होते. ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस दाण्यातून लावत नाहीत. उसाचेच डोळे असलेले तुकडे करून पुरतात, ते बेणे. ज्याचा ऊस उजवा त्याच्याकडून लोक बेणे नेतात. भावकीतल्या माणसाने मागितले तर नाही म्हणायची रीत नाही. आणि काही घरांत आणखी एक रीत आहे. सोयरीक जुळली, लग्न पार पडले, की पहिल्या लागणीला, म्हणजे ऊस लावायच्या वेळी, आपल्या मळ्यातल्या सगळ्यांत चांगल्या उसाची मोळी व्याह्यांच्या घरी पाठवायची. तिला हळदकुंकू लावून पाठवतात. आलेली मोळी लावली नाही तर तो अपमान समजला जातो.

तात्यांच्या मळ्यात बेटेच्या बेटे बारीक फुटव्यांनी भरली होती. करंगळीएवढी जाडीसुद्धा कुठल्या फुटव्याला नव्हती. हिरव्यात मधूनच दुधासारखे पांढरे फुटवे.

"दोनदा हिराकस मारलं," तात्या म्हणाले. "केवडा आसता तर पान हिरवं झालं आसतं. दुकानदार म्हनतोय, तिसऱ्यांदा मारा. त्याचं काय जातंय?"

"बेणं कुणाला दिलं यातलं?"

"न्हाय दिलं. मेव्हणा ट्रॅक्टर घेऊन आला व्हता, रिकामा लावला. आता बायको बोलत न्हाय माझ्यासंगं. म्हणती, माझ्या भावाला उसाची चार कांडी जड झाली."

मी नमुना घेऊन आले. मॅडमनी तपासणी करून सांगितले, केवडा नाही. उसाची गवताळ वाढ. सदाफुलीतल्या जीवाचाच एक भाऊबंद, फक्त उसात बिऱ्हाड केलेला. औषध नाही. बेटे मुळासकट काढायची, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवायचा नाही, यातले बेणे कुणालाही द्यायचे नाही.

तात्यांना मी फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले. "जमिनीतनं आला का पाण्यातनं?"

मी मॅडमनी सांगितले तेच सांगितले. हा जीव जमिनीत जगत नाही, पाण्यात जगत नाही. त्याने ती सगळी सोय केव्हाच गमावली आहे. तो येतो तुडतुड्यातून, नाहीतर बेण्यातून. मळा पहिल्यापासून सरसकट असा असेल तर बेण्यातून. म्हणजे कुणाच्या तरी हाताने.

मग ते म्हणाले, "माझ्याच हातानं आला आसंल. लिवून घ्या."

मी लिहून घेतले नाही. कळलेले नव्हते ते लिहायचे कसे?

बातमी तयार होत असताना दुसरा फोटो आला, या वेळी माळेगावच्या बाजूने. तसेच बेट, तसेच पांढरे फुटवे. पाठवणारी रेखा नावाची तरुण बाई होती. मी गेले. शेत तिच्या सासऱ्यांचे, विठ्ठलरावांचे. विठ्ठलराव बांधावर उभे राहून म्हणाले, "केवडा हाय. सोमवारी बेणं तोडायला सुरुवात. सहा गावचे सोयरे ट्रॅक्टर घेऊन येनार हाईत."

"केवडा नसेल तर?"

"तर काय? आमी ऊस लावतोय ते तुमच्या पेपराला इचारून व्हय?"

रेखाने मात्र माझ्यासमोर बेट उपटून पिशवीत भरून दिले. पिशवी देताना हळूच म्हणाली, "बावड्याकडं माझं माहेर. आमच्या तात्यांच्या मळ्यातबी असंच झालंय म्हणं."

तेव्हा मला कळले की नामदेवतात्या आणि विठ्ठलराव व्याही आहेत.

मॅडमनी दोन्ही नमुन्यांतल्या जीवाची जनुके अक्षर-अक्षर वाचून शेजारी ठेवली. अशा जीवात पिढ्यान्पिढ्या बारीक बारीक बदल होत जातात, त्यावरून कोण कुणाच्या जवळचा हे कळते. इथे जवळचा-लांबचा प्रश्नच नव्हता. दोन्ही तंतोतंत एक होते. बावडा इंदापूर तालुक्याच्या एका टोकाला, माळेगाव बारामतीच्या पलीकडे. एवढ्या अंतरावर तुडतुडा रोग नेऊन पोचवत नाही.

"कुणाकडून कुणाकडे गेला?" मी विचारले.

"ते यातून कळत नाही."

"अंदाज?"

"अंदाज मला नाही, तुम्हाला हवा आहे. एकाच घरचे आहेत, एवढंच छापा."

आता तीन माणसे मला तीन गोष्टी सांगत होती. पुण्यातले संपादक म्हणाले, गावांची नावे गाळा, 'बारामती-इंदापूर परिसरात' एवढे पुरे. मी म्हणाले, परिसर असे लिहिले की प्रत्येक वाचक ते शेजारच्या गावाबद्दल आहे असे समजतो. सोमवारी सहा गावांचे ट्रॅक्टर माळेगावला येणार आहेत, ते परिसर वाचून थांबणार नाहीत.

विठ्ठलराव फोनवर म्हणाले, "नाव आलं तर सोयरेधायरे संपले. मी त्यांना बेणं देतो म्हणून शबुद दिलाय."

तात्यांनी तर कार्यालयात येऊन सांगितले. "माझं नाव टाका. गावाचं टाका, शिवाराचं टाका, फोटोबी टाका. नाव न टाकता छापलं तर मेव्हणा परत ट्रॅक्टर घेऊन ईल. पन व्याह्यांचं नाव नको."

"त्यांच्या मळ्यातही तोच रोग आहे, तात्या."

"आसू दे. लेक तितं नांदती."

आमचा दुसरा नियमही त्यांच्या बाजूचा होता. शेतकऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या नावाने रोगाची बातमी द्यायची नाही. तात्यांची संमती होती, विठ्ठलरावांची नव्हती. एका नावाने बातमी दिली असती तर ती खोटी नसती. पण अर्धी असती, आणि सोमवारी माळेगावचे बेणे सहा गावांत गेले असते. एकदा रानात पुरले की त्याचा खोडवा, खोडव्याचे पुन्हा बेणे, आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी मेव्हणा.

शनिवारी दुपारी रेखाचा फोन आला.

"ताई, बातमीत आमच्या रानाचं नाव हाय का?"

"नाही. तुमचे सासरे नको म्हणतात."

"त्या रानाचा सातबारा माझ्या नावावर हाय. लगीन झाल्यावर मामांनीच केला. मग कुणाला इचारायचं?"

"तुम्हाला."

"मग टाका. माझं नाव टाका, रेखा म्हणून."

"घरात विचारलं का?"

"न्हाय. बातमी आल्यावर तेच इचारत्याल."

"तात्यांना?"

"तात्यांना काय इचारायचं? त्यांना वाटतंय मला हितं तरास हुईल. आन् दर साली सहा गावच्या बायकांनी माझ्या नावानं बोटं मोडली, तर त्यो तरास न्हाय का?"

बातमी रविवारी छापली. पहिल्या परिच्छेदात नामदेवतात्या, दुसऱ्यात रेखा. रोग काय आहे, केवड्यापासून वेगळा कसा ओळखायचा, बेणे कुणी कुणाकडून घेऊ नये. 'परिसर' हा शब्द कुठेही नव्हता. सोमवारी माळेगावला दोन ट्रॅक्टर आले आणि रिकामे गेले, बाकीचे आलेच नाहीत. खतांच्या एका दुकानदाराने जाहिरात बंद केली. बावड्याहून फोन आले की तुम्ही एका चांगल्या माणसाचे नाव मातीत घातले. कुणी म्हणाले, म्हाताऱ्याने लेकीच्या घरी रोग पाठवला. बातमीत कुठेही तसे लिहिलेले नव्हते आणि वाचणाऱ्याने मात्र तसेच वाचले होते. ज्याचे नाव आधी, दोष त्याचा.

आठवड्याने विठ्ठलराव कार्यालयात आले. हातात त्या दिवशीचे पान, घडी करून करून कोपरे फाटलेले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"ह्यात चूक हाय."

"कुठली?"

"नामदेवरावांचं नाव पयलं हाय. आमचं दुसरं."

"रोग आधी तिथे आढळला, विठ्ठलराव. म्हणून."

"आढळला तितं. पन गेला आमच्या हितनं. लगीन झालं तवा बेण्याची मोळी आमी पाठवली. नवं वाण मीच लांबनं आणलं व्हतं, कुणाच्या मळ्यात न्हाय म्हणून. त्यांनी ती मोळी वाढवून सगळा मळा केला. आमचा मान ठेवला म्हणून त्यांचा मळा गेला."

"तात्यांनी मला हे सांगितलं नाही."

"ते सांगनार न्हाईत. म्हणून तर मी आलो. मी जिता आसताना माझ्या व्याह्यानं माझा दोष डोक्यावर घिऊन फिरायचं व्हय? आमाला काय मान न्हाय का?"

मी विचारले, रेखाला काय म्हणालात?

"बोललोच न्हाय दोन दिस. तिसऱ्या दिशी ती म्हणाली, मामा, च्या घेता का आधी शेतात जाता? ऊस उपटाय माणसं आल्यात." त्यांनी हातातल्या पानाची पुन्हा घडी घातली. "मग च्या घेतला आन् गेलो."

वर्तमानपत्रात दुरुस्ती छापण्याची जागा ठरलेली असते. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, कुणाला दिसणार नाही अशी. विठ्ठलरावांना ती चालेना. बातमी जिथे होती तिथेच, त्याच आकारात, पाहिजे म्हणाले. संपादकांचे म्हणणे पडले की ही चूकच नाही, तर दुरुस्ती कशाची? ते नियमाला धरून बोलत होते. मी त्यांना म्हणाले, माझ्या नोकरीत बातमी गाळा म्हणून असंख्य माणसे आली. माझा दोष छापा म्हणून आलेला हा पहिला माणूस आहे. याला तळाशी बारीक अक्षरात बसवायचे असेल तर ते पान तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या.

दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात छापली गेली. 'रोगट बेणे मूळ माळेगाव येथून बावड्याला गेले होते, अशी माहिती माळेगावचे शेतकरी विठ्ठलराव यांनी स्वतः दिली आहे.' जनुकांनी जे सांगितले नव्हते ते एका माणसाने सांगितले. वैशाली मॅडमना मी ते पान दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि नोंद करून घेतली.

सगळे मळे सापडले असे मी म्हणणार नाही. विठ्ठलरावांच्या मळ्यातून आदल्या हंगामात गेलेले बेणे कुठवर पोचले याचा पत्ता आम्हाला पूर्ण लागला नाही, आणि ही टोचणी अजून आहे. पांढरे पान घेऊन गेलेल्या माणसाला दुकानात आजही आधी हिराकसच मिळते. सोपानरावांच्या सदाफुलीतला जीव चढवलेली झाडे जाळीघरात अजून हिरवी फुले देतात.

दुरुस्ती छापली त्या दिवशी संध्याकाळी नामदेवतात्यांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"ताई, हे तुमी बरं न्हाय केलं. व्याह्यांची माणसं काय म्हणत्याल?"

"त्यांनी स्वतः येऊन छापून घेतलं, तात्या."

"स्वतः आले व्हते?"

"हो. बसलेसुद्धा नाहीत."

त्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "म्हणजे आता पुढल्या लागणीला परत मोळी पाठवनार ते. मान म्हणून."

"पाठवतील."

"पाठवू द्या. हळदकुंकू लावून घीन. पन आधी मॅडमकडनं तपासून आनल्याबिगर मातीला लावनार न्हाय. भले सोयरीक तुटू दे."

"हे तुम्हीच विठ्ठलरावांना सांगा की."

"मी कशाला सांगू?" तात्या म्हणाले. "तुमी छापा."